धुऱ्यावरची बाभूळ आणि जुना चेनसॉ

यवतमाळ जिल्ह्यात घरगुती सरपणाचा मोठा भाग आजही कापसाच्या पिकातूनच मिळतो, कारण वेचणी आटोपल्यावर उपटलेली पऱ्हाटी वावराच्या कडेला रचून ठेवली की चुलीची आणि पाणी तापवण्याची बरीचशी गरज तिच्यावर भागते, आणि ती मोडायला कुऱ्हाडदेखील लागत नाही. चेनसॉ, म्हणजे इंजिनाच्या किंवा विजेच्या मोटारीच्या जोरावर लांबट पोलादी पट्टीभोवती दातेरी साखळी फिरवून लाकूड कापणारे यंत्र, घरी असावे असे वाटण्याचे प्रसंग त्यामुळे निराळे असतात. मे-जूनच्या वादळात अंगणात कोसळलेला कडुनिंब, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर वाढून पिकाचे ऊन अडवणारी बाभूळ, गोठ्याच्या टिनांवर झुकलेली सुबाभळीची फांदी, अशी ही कामे असून ती सगळी मिळून वर्षाकाठी काही तासांपलीकडे क्वचितच जातात. एवढ्यासाठी नामांकित कंपनीचे नवे यंत्र घेणे जिवावर येते आणि मग तालुक्याच्या गावी कोणाकडे तरी पडून असलेल्या जुन्या यंत्राची चौकशी सुरू होते. असा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. मात्र यंत्र किती वर्षांचे आहे यापेक्षा ते कोणाच्या हाती चालले आणि न चालता कसे पडून राहिले, याला त्यात अधिक महत्त्व असते, आणि यवतमाळसारख्या सागाच्या मुलखात त्याच्याही आधी कोणते झाड कापायचे आहे हे ठरवावे लागते.

जिल्ह्याचे शुष्क पानझडी जंगल यवतमाळ, पांढरकवडा आणि पुसद या वनविभागांच्या देखरेखीखाली असून घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत टिपेश्वर अभयारण्याच्या भोवती शेती आणि जंगल अगदी लागून आहेत. अशा ठिकाणी स्वतःच्या सातबाऱ्यावरचे झाडही मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, 1964 या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, ऐन, बिजा, हिरडा अशा झाडांची नावे असून ती तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बाभूळ या अनुसूचीत नाही, त्यामुळे धुऱ्यावरच्या बाभळीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. शहरी हद्दीत मात्र 1975 चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा लागू होतो आणि यवतमाळ किंवा वणी नगरपरिषदेच्या हद्दीतील अंगणातल्या कडुनिंबासाठीही आधी अर्ज करावा लागतो. भारतीय वन अधिनियम, 1927 याच्या कलम 52 नुसार वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे जप्त करता येतात, आणि चेनसॉ हे तर लांबवरून आवाजाने ओळखू येणारे हत्यार आहे. ज्याच्या गरजेत साग किंवा मोह येतो, त्याने यंत्राची चौकशी करण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन यावे, म्हणजे तोडणीच्या परवानगीचा आणि लाकूड वाहून नेण्याच्या परवान्याचा उलगडा आधीच होतो.

घरगुती वापराचे बहुतेक पेट्रोल चेनसॉ टू-स्ट्रोक इंजिनावर चालतात. या इंजिनात वंगणाचे तेल साठवणारी वेगळी जागा नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी तेलच पिस्टन आणि बेअरिंगांना वंगण पुरवते, आणि उत्पादकाने सांगितलेले प्रमाण 50 ला 1 असेल तर लिटरमागे 20 मिलिलिटर, 25 ला 1 असेल तर 40 मिलिलिटर तेल घालावे लागते. कापसाच्या पट्ट्यात पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप घरोघर असल्याने हे मिश्रण शेतकऱ्याला नवे नाही. अडचण अशी की पंपाचे आणि चेनसॉचे प्रमाण एकच असेल असे नाही, आणि घाईच्या वेळी मोटारसायकलच्या टाकीतून काढलेले निव्वळ पेट्रोल भरण्याचा मोह अनेकांना होतो. निव्वळ पेट्रोलवर हे इंजिन थोड्याच वेळात इतके तापते की पिस्टन सिलिंडरला घासून ओरबाडला जातो आणि शेवटी जाम होतो. अशा इंजिनाचे ओरखडे पॉलिश कागदाने घासून ते पुन्हा सुरू करता येते, दहा-वीस मिनिटे ते बरे चालतेही, आणि विकायला नेमके तेवढेच पुरते.

म्हणून जुन्या यंत्राची खरी परीक्षा सायलेन्सर उतरवून होते. बहुतेक यंत्रांत तो दोन-तीन स्क्रूंवर बसवलेला असतो आणि काढल्यावर धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल आणि तिच्यावर कारखान्यातल्या घडणीच्या बारीक आडव्या रेघा दिसत असतील, तर इंजिनाचे पोट निरोगी समजावे. उभे ओरखडे किंवा चोळवटल्यासारखा करडा पट्टा दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी ते यंत्र घरगुती गिऱ्हाइकाच्या कामाचे नाही, कारण नवा पिस्टन, सिलिंडर आणि मजुरी मिळून सौद्यातला फायदा उरत नाही. विक्रेता सायलेन्सर काढू देत नसेल, तर उत्तर तिथेच मिळाले असे मानायला हरकत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची क्षमता, गेजने मोजली तर साधारण 120 पीएसआयच्या वर असावी. गेज नसेल तर बंद यंत्र सुरुवातीच्या दोरीच्या मुठीला धरून उचलावे. ते टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली आले तर दाब आहे आणि सरळ घसरत आले तर दाब गेलेला आहे. काही यंत्रांत सुरू करणे सोपे व्हावे म्हणून दाब सोडणारी झडप बसवलेली असते, ती या परीक्षेच्या वेळी मिटलेली हवी.

यानंतर यंत्र थंड असताना सुरू करून पाहावे. गिऱ्हाईक येण्याआधीच ते तापवून ठेवलेले असेल, तर सायलेन्सरला हात जवळ नेताच ते कळते. सुरू झाल्यावर मंद गतीत साखळी स्थिर राहिली पाहिजे. ती फिरत असेल तर क्लचच्या स्प्रिंगा सैल झालेल्या असतात किंवा मंद गतीचा स्क्रू चुकीचा पिळलेला असतो. यंत्र एका कुशीवर कलंडल्यावर इंजिनाचा वेग आपोआप चढत असेल, तर क्रँकच्या सीलमधून हवा आत शिरत असल्याची शंका घ्यावी, आणि बाहेरची हवा शिरली की मिश्रणातले इंधन आणि त्याबरोबरचे तेल तुटपुंजे पडून पुन्हा पिस्टन ओरबाडण्याचीच वेळ येते. शेवटी दहा मिनिटे जाड लाकूड कापून यंत्र बंद करावे, थोड्या वेळाने गरम असतानाच पुन्हा सुरू करावे. थंडपणी उत्तम चालणारी पण तापल्यावर दोरी ओढून दंड भरून आणणारी यंत्रे बाजारात बरीच असतात, आणि यवतमाळच्या मे महिन्यात ती अधिकच हट्टी होतात.

हलका वापर हा यंत्राला सुखाचा असेल असे सहज वाटते, प्रत्यक्षात कार्बोरेटरला तो मानवत नाही. चेनसॉ कोणत्याही बाजूने धरून चालवता यावा म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये डायफ्रॅम म्हणजे पातळ लवचीक पडदा असतो, आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल पडून राहिले की हा पडदा कडक होतो, बारीक छिद्रांत चिकट थर साचतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते आणि पाणी वाढले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, शिवाय जुन्या घडणीच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. दोन पावसाळे पडवीत निवांत पडलेले ‘फारसे न वापरलेले’ यंत्र रोज वापरातल्या यंत्रापेक्षा म्हणूनच अधिक संशयाने पाहावे. पडदा आणि नळ्या स्वस्तात बदलता येतात, त्यामुळे एवढ्यावरून सौदा मोडण्याचे कारण नाही, त्यांचा खर्च किमतीतून वजा करावा.

साखळीकडे खरेदीदाराचे लक्ष सर्वांत आधी जाते, वास्तविक ती झिजून बदलण्याचीच वस्तू आहे. आजच्या साखळीचा वळणदार दाता अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून सुचला आणि 1947 पासून तो बाजारात आला. त्याचा आकार अवघड असला तरी गोल कानशीने त्याला घरी धार लावता येते, लहान यंत्रांच्या साखळीला बहुधा 4 मिलिमीटरची कानस लागते. दात्याच्या मागच्या बाजूला झिजेची मर्यादा दाखवणारी रेघ असते, तिथवर दाता आला असेल तर साखळी नवी घ्यावी. पट्टीची झीज अधिक बारकाईने पाहावी: तिच्या खाचेच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या असाव्यात, साखळी खाचेत डावी-उजवीकडे हलू नये, टोकाचे चाक हाताने मोकळे फिरावे. यंत्र चालू करून पट्टीचे टोक कोऱ्या कागदावर रोखले असता तेलाची बारीक रेघ उमटली नाही, तर साखळीला वंगण देणारा पंप बंद आहे आणि कोरडी साखळी नवी पट्टीही लवकर खाऊन टाकते. बाभळीचे लाकूड कठीण आणि सागाच्या लाकडात सिलिका हा वाळूतला घटक, त्यामुळे या भागात धार तशीही लवकर उतरते. धुऱ्यावरच्या जुन्या बुंध्यात तर कधीकाळी ठोकलेले खिळे आणि कुंपणाची काटेरी तार सालीखाली गडप झालेली असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की साखळी अडखळते आणि पूर्ण वेगात सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावणारी ती साखळी पट्टीसकट चालवणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने उसळते. या उसळीत पुढच्या मुठीसमोरचे संरक्षक कवच हाताला लागून किंवा धक्क्यानेच पुढे पडते आणि साखळी तत्काळ थांबते. हा ब्रेक तुटलेला, काढून टाकलेला किंवा तारेने बांधलेला असेल तर ते यंत्र घेऊ नये. शिरस्त्राण, चेहऱ्यावरची जाळी, कानांवरची कवचे, हातमोजे आणि टणक बूट यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा लागतो, आणि नेमका तोच वगळला जातो. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वेळी झालेल्या चर्चेत संरक्षक कपडे उकाड्यात अंगावर टिकत नाहीत, हे वारंवार समोर आले होते. चेनसॉच्या बाबतीत उकाडा तोच आहे, म्हणून हे काम पहाटे उरकणे हाच त्यातला व्यवहार्य मार्ग.

ऑनलाइन आणि आठवडी बाजारात 58 सीसी आणि 22 इंची पट्टी अशी जाहिरात असणारी स्वस्त यंत्रे नवीकोरी मिळतात आणि नामांकित कंपनीच्या जुन्या यंत्राशी त्यांची तुलना होतेच. घरगुती कामाला 30 ते 40 सीसीचे इंजिन आणि 14 ते 16 इंची पट्टी पुरेशी असते. मोठे यंत्र जड, अधिक उसळणारे आणि नवख्याच्या हातात अधिक धोक्याचे असते. सुट्या भागांचा विचार केला तर ज्याचे पडदे, नळ्या, साखळ्या यवतमाळ, पुसद किंवा नागपूरच्या दुकानात मिळतात असे जुने यंत्र श्रेयस्कर ठरते, आणि अंगणापुरतेच काम असेल तर तारेवर चालणारा विजेचा चेनसॉ या सर्व कटकटींतून सोडवतो, फक्त तो धुऱ्यापर्यंत पोहोचत नाही. एकच बाभूळ पाडायची असेल, तर यंत्र घेऊन येणाऱ्या अनुभवी माणसाला मजुरी देणे स्वस्त पडते. घेण्याचेच ठरले तर विक्रेत्याची सही, तारीख आणि यंत्रावर कोरलेला अनुक्रमांक असलेली पावती लिहून घ्यावी, कारण जंगलाच्या कडेच्या गावात चौकशी झाली तर हे यंत्र आपले असल्याचा आणि ते कधीपासून आपल्याकडे आहे याचा तोच लेखी पुरावा असतो.