पंप, वायुचालित द्विपटल
दाबाखालील हवेने दोन लवचिक पटले आळीपाळीने ढकलून द्रव वाहून नेणारा पंप. अमेरिकेत जिम विल्डेन यांनी १९५५ मध्ये तो शोधून काढला. पटले एकाच दांड्याने जोडलेली असून एक पटल द्रव बाहेर लोटते तेव्हा दुसरे तो आत ओढते. निर्गम दाब सामान्यतः हवेच्या दाबापेक्षा वाढत नाही. त्यामुळे निर्गम नळ बंद झाल्यास पंप नुसता थांबतो, बिघडत नाही. मात्र प्रत्येक धावेअखेर हवा दाबासह बाहेर सोडली जाते व तिच्या प्रसरणाने मिळू शकणारे कार्य वाया जाते. हवेचा दाब गरजेपुरताच ठेवल्यास आणि धाव संपण्यापूर्वी पुरवठा तोडल्यास तेवढ्याच द्रवासाठी हवा कमी लागते.