ढग कुणाच्या बापाचे?

पावसाळ्यातला वीकएंड, मालवणचा प्लॅन! मुंबई-गोवा हायवेवर कसालला उजवीकडे वळलात की वायपर थकतात, पाऊस थकत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सह्याद्रीपलीकडे सोलापुरात मात्र जेमतेम पाच-सहाशे. मग तिथल्या ढगांतून थोडं जास्त पाणी काढलं तर?

तेच तर करून पाहिलं! २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. २०१९ साठी सरकारनं ३० कोटी रुपये मंजूर केले होते. विमानातून ढगात सिल्व्हर आयोडाइड किंवा मिठासारखे क्षार सोडायचे. त्या कणांभोवती थेंब वाढतात आणि पडतात. अट एकच, ढग आधीच हवा. कोऱ्या आकाशातून पाऊस पडत नाही. पुण्याच्या आयआयटीएमनं सोलापूरला केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी सुमारे १८ टक्के जादा पाऊस. वाईट नाही, पण दुष्काळ हटवण्याइतकाही नाही.

आता दुसरी बाजू. हीच युक्ती शस्त्र म्हणूनही वापरली गेलीये. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धात हो चि मिन्ह मार्गावर ढगांची पेरणी केली. हेतू काय, तर रस्त्यांचा चिखल व्हावा आणि शत्रूची रसद अडावी. विमानांच्या २,६०० हून अधिक फेऱ्या, सगळ्या गुपचूप! पत्रकारांनी हे फोडलं, सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी बंदीचा आग्रह धरला आणि १९७७ मध्ये हवामानाचा शस्त्रासारखा वापर रोखणारा एनमॉड करार झाला. भारत १९७८ मध्ये त्यात सामील झाला.

पण हा करार फक्त लष्करी किंवा शत्रुत्वाच्या वापराला लागू आहे. शांततेतल्या पेरणीवर तो बंदी घालत नाही. पेरणीनंतर पाण्यात आणि मातीत सापडणारी चांदी आजवरच्या मोजमापांत बहुतेकदा अत्यल्प आढळलीये, हे खरं. पण विरघळलेली चांदी मासे आणि पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना विषारी असते. त्याच तलावांवर वर्षानुवर्षं फवारणी होणार असेल, तर दरवर्षी मोजणार कोण? आणि आकडे आपल्याला दाखवणार कोण?

व्हिएतनामवरचे ढग गुपित फुटल्यावरच सुटले. पुढच्या वेळी 'कृत्रिम पाऊस' अशी हेडलाइन दिसली, तर किती मिलिमीटर पडला एवढंच विचारू नका. ढगात काय सोडलं, तेही विचारा. पैसे तुमच्याच टॅक्सचे आहेत, बॉस!