काचेवर पाणी येत नाही? आधी नळी पाहा

धरमपेठेत माझ्या भाच्याकडे जुनी सॅन स्टॉर्म आहे. दोन आसनांची, फायबर बॉडीची. काचेवर फवारा येईना. मेकॅनिकने मोटार बदलायला सांगितली. दोष निघाला नळीत.

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांचा, त्यात बॉनेटखालची उष्णता. नळी कडक होते व जोडावर चिरते. तपासणी सोपी आहे. टाकी भरावी, एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने नळीवर कोरडा कागद फिरवावा. कागद भिजेल तिथे गळती. टोकच चिरले असेल तर तेवढे कापून, नळी गरम पाण्यात नरम करून पुन्हा चढवावी. सगळीच कडक झाली असेल तर नवीन घालावी. जुना तुकडा दुकानात नेऊन आतले छिद्र जुळवावे. टेप लावू नये, पाण्याच्या दाबाने सुटते. एकमार्गी व्हॉल्व्ह असल्यास त्याचा बाण फवाऱ्याकडे ठेवावा. टाकी रिकामी असताना बटण दाबत राहू नये, मोटार खराब होते.

गळती वायरिंगवर पडली तर खर्च वाढतो. आणि पावसाळ्यात ट्रकमागे काच चिखलाने भरली, तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून मोटारीचे पैसे मोजण्याआधी नळी तपासून घ्यावी.