वेश, वर्ण आणि वहीम

संशय हा स्वभावतः आळशी असतो. माणसाचे वर्तन पारखावयास वेळ लागतो. त्याचा वेश आणि वर्ण मात्र एका दृष्टिक्षेपात दिसतात. म्हणून जे वर्तनावरून ठरवावयाचे, ते आपण रूपावरून ठरवून मोकळे होतो. गोमंतकात ही खोड एके काळी राजसत्तेनेच अंगीकारिली होती.

गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात स्थानिक ख्रिस्ती पुरुषांस धोतराची व स्त्रियांस चोळीची मनाई होती. घरची तुळस, इतकेच नव्हे तर बिनमिठाचा भातदेखील त्या यादीत होता. धोतराने कोणाचे काही बिघडत नव्हते. परंतु ती जुन्या धर्माच्या ओढीची खूण मानली गेली, आणि खूण हाच गुन्हा ठरला. डिचोली व पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे १७८८ साली. तेव्हा धर्म व चालीरीती राखण्याचे आश्वासन मिळाले आणि येथील वेश त्या वहिमातून वाचला.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच पुरावा मानले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव मराठीत आजही लबाडास लाविले जाते. भाषाशिक्षकांनी हे विसरू नये.

२०१३ साली बार्देशातील पर्रा येथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीस रस्ता अडविला. रस्ता अडविणे हे कृत्य; त्याची चौकशी रास्तच. परंतु पाठोपाठ एका मंत्र्याने नायजेरियनांस कर्करोगाची उपमा दिली. कृत्य काहींचे, कलंक सर्वांस! पेडण्यातील हरमल, मोरजी येथे आज देशोदेशीचे पाहुणे उतरतात. परकीय पाहुण्याची वर्दी सरकारास देण्याचा नियम गोऱ्यास आणि काळ्यास सारखाच आहे. कायदा वर्ण विचारीत नाही; विचारतो तो आपण.

आमची शिक्षकबंधुभगिनींस एक सूचना आहे. ‘संशयास्पद माणूस’ या विषयावर मुलांकडून दहा ओळी लिहवून घ्याव्यात. मग कपडे, रंग, जात, बोली यांचे सर्व शब्द त्यांच्याच हातून खोडावयास लावावेत. उरेल ते कृत्य. काहीच उरले नाही, तर त्या माणसाविषयी आपणांस काही ठाऊक नाही, एवढेच सिद्ध होते.