सासूबाईंचे बुंद आणि माझी कॉफी

आमच्या कोल्हारात दुपारी चारचा चहा चुकत नाही. कॉफी व्हायची ती पाहुणे आले की. दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेलं. त्यामुळे धाकट्या बहिणीने माझ्या सांगण्यावरून पुण्याहून कॉफीचे भाजलेले दाणे आणले, तेव्हा घरात सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. पाव किलोला साडेचारशे रुपये! "एवढ्यात तयार पावडरीच्या बाटल्या आल्या असत्या की," हे म्हणाले. पैसे माझ्याच अर्धवेळ शिकवण्याच्या पगारातले होते, तरी मनाला लागलंच.

त्यात मी चूक केली. दाणे मिक्सरमधून पिठासारखे बारीक केले आणि चहासारखे दहा मिनिटं उकळले. कडूजहर! सासूबाईंनी एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं.

पुड्यावर भाजणाऱ्याचा फोन होता. तो एका वेळी थोडेच किलो भाजतो, म्हणून पुड्यावर भाजल्याची तारीख असते. त्याने समजावलं, की भाजल्यावर काही दिवस दाण्यांतून वायू निघत असतो, तेवढे दिवस थांबावं. दळल्यावर मात्र वास भराभर उडतो, म्हणून लागेल तेवढंच दळावं. आणि फार उकळलं की कडवटपणा उतरतो.

मैत्रिणींनो, दुसऱ्या दिवशी असं केलं: चटणीच्या भांड्यात दाणे थांबून थांबून फिरवून रव्याइतके जाडसर ठेवले. कपभर पाण्याला दोन चहाचे चमचे भरून. पाणी उकळून खाली उतरवलं, मिनिटभराने पूड घालून चार मिनिटं झाकलं, फडक्याने गाळलं. गरम दूध आणि साखर वेगळी. (रात्री मात्र नको, कॉफीचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो.)

वास माजघरात गेला आणि सासूबाई उठून आल्या. "अगं, माझ्या माहेरी असाच वास यायचा! आई लोखंडी कढईत बुंद भाजायची." मला ठाऊकच नव्हतं. पुड्यावर चिकमगळूर लिहिलेलं वाचून दाखवलं. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हेही सांगितलं.

त्यांनी कप संपवला, जायफळाशिवाय! मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी कच्चेच मागव. भाजायचं मी बघते."

ह्यांनी मुकाट्याने दुसरा कप पुढे केला.