समसमान वाट्याची मेजवानी

सामिष भोजनाच्या पंगतीत यजमानाची खरी कसोटी रस्सा तिखट झाला की अळणी यापेक्षा मटणाच्या वाटणीत लागते, हे ठाणे जिल्ह्यातील कोणताही मुरलेला आचारी निःशंकपणे सांगेल. नळी एकाच्या ताटात पडते, दुसऱ्याच्या ताटात बरगडीचे कोरडे हाडूक येते, कलेजीचा तुकडा वाढप्याच्या ओळखीपाळखीने तिसऱ्याच पाहुण्याकडे जातो. आणि मग ज्या कारणासाठी माणसे एकत्र जमली ते कारण बाजूला राहून वाट्याचीच चर्चा परतीच्या वाटेवर चालते. या सनातन तंट्याचा निकाल पाश्चात्त्य देशांतील गृहिणींनी फार सोप्या तजविजीने लावला. मांसाची बोटी वेगळी ठेवायचीच नाही, तिचा खिमा करावा, त्यात पाव, अंडे व कांदा मळावा, लांबट साच्यात घालून तो अखंड भाजावा आणि सर्वांसमक्ष त्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या पाडाव्यात. हाच मीटलोफ होय.

भिवंडी तालुक्यातील वळ गावाचा विचार मनात धरून आम्ही या पदार्थाकडे पाहतो, त्याला कारण आहे. माणकोली, दापोडे, पूर्णा आणि वळ या पट्ट्यात भातशेतीच्या जागी आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबई महापालिकेची जकात चुकविण्यासाठी व्यापाऱ्यांनी शहराच्या हद्दीबाहेर माल साठविण्याचा जो शिरस्ता पाडला, त्यातून ही वस्ती फोफावली. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात इतिहासजमा झाल्यावरही ती ओसरली नाही. परिणामी या मुलखात हळदीच्या रात्री शेकडो पाने उठविणारी आगरी समाजाची पंगत जशी आहे, तशीच गोदामातील पाळी संपवून सात-आठ सहकाऱ्यांनी कोणाच्या तरी खोलीवर जमण्याची नवी वहिवाटही आहे. हळदीच्या पंगतीला मटणाचा हंडाच शोभतो, त्याला हात लावण्याचे कारण नाही. परंतु गटारीच्या संध्याकाळी किंवा क्रिकेटच्या सामन्याच्या निमित्ताने दहा-बारा माणसे जमतात, तेव्हा एक किलो खिम्यात सर्वांची तृप्ती करणारा हा पदार्थ यजमानाच्या खिशालाही मानवतो.

मांसात धान्य मिसळून ते पुरवठ्यास आणण्याची ही युक्ती अतिप्राचीन आहे. आपिकियुसच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या रोमन पाकग्रंथात मद्यात भिजविलेला पाव कुटलेल्या मांसात मिसळून, त्याचे गोळे चरबीच्या जाळीत गुंडाळून भाजण्याची कृती सापडते. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकातील महामंदीत मीटलोफ घरोघरी पोहोचला, कारण थोड्या मांसावर मोठे कुटुंब जेवविण्याचा तो एक स्वस्त मार्ग होता. दक्षिण आफ्रिकेतील बोबोटी या पदार्थात हाच खिमा हळद-मसाल्यांनी सुगंधित होऊन, वर दूध-अंड्याचा थर लेऊन येतो. जर्मन लोकांनी तर त्यात विनोदबुद्धीही दाखविली: सशाची शिकार परवडत नाही म्हणून खिम्याच्या लांबट गोळ्यात उकडलेली अंडी दडवून त्याला त्यांनी ‘खोटा ससा’ म्हटले. नर्गिसी कोफ्त्यात अंडे लपविणारा आपल्याकडील खानसामा या थट्टेचा सख्खा भाऊबंदच म्हणावा लागेल.

आपल्या महाराष्ट्रातही याचे जवळचे नाते सांगणारा पदार्थ आहे, आणि तो मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरात नांदतो. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे बृहद् पुस्तक ज्या समाजातून प्रसिद्ध झाले, त्या समाजाचे भानोळे म्हणजे बारीक चिरलेला कोबी, कोलंबी, कांदा व सढळ तेल बेसनात एकजीव करून, परभी सांबार या मसाल्याची चव देऊन, थापून भाजलेली वडी होय. भाजण्याची भट्टी नसेल तेथे झाकणावर निखारे ठेवून खालून-वरून धग देता येते. तेव्हा मांस-मासळी एका बंधनात बांधून, भाजून, कापून वाढण्याची कल्पना येथे परकी नाही. परका आहे तो केवळ साचा.

आता कृतीचा तपशील. शेळी-बोकडाचे मांस मुळात रुक्ष असते, म्हणून खाटकाकडून खांद्याचा एक किलो खिमा घेताना त्यात पाचवा हिस्सा चरबी घालावयास सांगावे; हा खर्च वाचविणाऱ्याच्या वाट्याला कोरडी वीट येते. चार पाव कुस्करून अर्धी वाटी दुधात भिजवावेत. पावातील पिष्ट मांसातून सुटणारे पाणी धरून ठेवते आणि स्नायूंचे धागे आवळून घट्ट होऊ देत नाही, म्हणून पाव ही भर घालण्याची लबाडी नसून मार्दवाची हमी आहे. दोन मोठे कांदे बारीक चिरून तांबूस परतावेत व पूर्ण गार करावेत. कच्चा कांदा आत पाणी सोडून चकती फोडतो. आले-लसणाचे वाटण दोन चमचे, आगरी मसाला दोन चमचे, मीठ दोन लहान चमचे, मूठभर कोथिंबीर आणि दोन फेटलेली अंडी घालून हे सारे हाताने मिसळावे. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटून चिकट होतात व सर्व जिन्नस परस्परांना धरतात. तथापि कणकेसारखे तिंबत बसल्यास हीच चिकाटी रबरासारखी होते, हे ध्यानात असू द्यावे. चव पाहण्यासाठी कच्चे मांस जिभेवर ठेवू नये. लिंबाएवढा गोळा तव्यावर भाजून पाहावा व मग मिठा-मसाल्याचा शेवटचा हुकूम द्यावा.

गमतीचा भाग यापुढे सुरू होतो. चार अंडी कडक उकडून, सोलून, त्यांची दोन्ही टोके किंचित कापावीत आणि अर्धा खिमा साच्यात पसरल्यावर ती टोकाला टोक लावून मधोमध ओळीने निजवावीत. वरून उरलेला खिमा दाबून बसवावा. टोके कापल्यामुळे अंड्यांत फट राहत नाही आणि मधल्या प्रत्येक चकतीत पिवळा-पांढरा चांद उमटतो. मुले जमणार असतील तर साचा सोडून ताटात खिम्याची होडी घडवावी, किंवा भाजून झाल्यावर लोणी घालून मऊ केलेल्या बटाट्याचा थर चढवून, बिटाच्या रसाने त्यावर रेघा ओढून वाढदिवसाच्या केकचे सोंग उभे करावे. टोमॅटोच्या गोड सॉसऐवजी चिंचेचा कोळ, गूळ आणि लाल मिरची आटवून केलेला दाट लेप वर माखला, तर तो भाजताना चकाकतो आणि आपल्या जिभेला अधिक रुचतो.

भट्टी असल्यास १८० अंश सेल्सिअसवर सुमारे सव्वा तास लागतो. भट्टी नसल्यास साचा झाकून मोदकपात्रात तासभर वाफवावा व गार झाल्यावर चकत्या तव्यावर थोड्या तेलात खरपूस कराव्यात. लेप अशा वेळी वाढताना द्यावा. मात्र एका बाबतीत सवलत नाही. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू पृष्ठभागीच असतात, खिमा करताना ते आतवर कालविले जातात. म्हणून गाभ्याचे तापमान ७१ अंशांवर गेलेच पाहिजे, आणि त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर हा खर्च वायफळ नाही. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे त्यास हात लावू नये, कारण तेवढ्या अवधीत रस आत स्थिरावतो. घाई केल्यास तो ताटात वाहून जातो. सोबत तांदळाची भाकरी, कांदा व लिंबू असले की पंगत पुरी झाली. उरलेल्या गार चकत्या दुसऱ्या दिवशी पावात घालून गोदामातील डब्यात जाऊ शकतात.

पण या पाककृतीचा सर्वांत मोठा गुण समान चकतीच्याही पलीकडचा आहे. आपल्या घरगुती पंगतीत तव्यावरून भाकऱ्या उतरविणारी व रस्सा पुन्हा पुन्हा ऊन करणारी गृहिणी सर्वांच्या शेवटी, हंड्याच्या तळाशी जे उरेल त्यावर जेवते, आणि वाटणीचा न्याय तोलणाऱ्यांना हा अन्याय क्वचितच दिसतो. मीटलोफचे सारे कष्ट पाहुणे येण्यापूर्वी संपतात, भाकऱ्याही आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवता येतात, आणि कापण्याचे काम कोणत्याही पुरुषाच्या हाती सुरी देऊन उरकता येते. तेव्हा वळसारख्या गावात हा पदार्थ रुजवायचाच असेल, तर पहिली चकती जिने तो रांधला तिच्या पानात पडावी व तिने ती सर्वांबरोबर बसून खावी, एवढा एक दंडक त्याच्यासोबत अवश्य रुजवावा.