नव्या मत्स्यपेटीतील आजारी गोल्डफिश : निदान व उपचार

नव्या मत्स्यपेटीत सोडलेला गोल्डफिश (कॅरॅशियस ऑरॅटस) पहिल्या काही आठवड्यांतच मलूल होतो, तेव्हा दोष बहुधा रोगजंतूंचा नसून पाण्याचा असतो. कल्ल्यांवाटे उत्सर्जित होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत घाईने मांडलेल्या पेटीस तेवढी उसंत क्वचितच मिळते. पृष्ठभागाशी येऊन श्वासासाठी धडपडणे, मिटलेले पर व लालसर कल्ले ही अमोनियाबाधेची लक्षणे होत. कल्ले तपकिरी दिसल्यास नायट्राइटची शंका घ्यावी. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असल्यास मात्र परजीवीचा विचार करावा.

नाशिक शहरास मुख्यतः गंगापूर धरणातून मिळणारे पाणी शुद्धीकरणात क्लोरिनयुक्त होते. ते सोडियम थायोसल्फेटने क्लोरिनमुक्त करून रोज पेटीतील चतुर्थांश पाणी बदलणे, २-३ दिवस खाद्य थांबविणे व हवेचा पंप अखंड चालू ठेवणे, हाच खरा उपचार होय. नायट्राइट वाढले असल्यास लिटरमागे १ ग्रॅम मीठ उपयुक्त ठरते, कारण क्लोराइड नायट्राइटचा कल्ल्यांतील शिरकाव रोखते. निदानाविना प्रतिजैविके टाकू नयेत. त्यांनी उपयुक्त जीवाणूही नष्ट होऊ शकतात. गाळणीचा स्पंज नळाखाली धुणे हाही तोच प्रमाद. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळावा.